वाचक कोण? बार्बियानाच्या मुलांचे पत्र आणि शाळेतील लेखन

शाळेत मुले जे लिहितात ते वाचतो कोण? आजवर या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. निबंधाच्या वहीला एकच वाचक असे, तो म्हणजे शिक्षक. त्याच्या हाती लाल शाई असे आणि वाचून झाल्यावर तो खाली एक आकडा लिहीत असे. आपण जे सांगतो आहोत ते या वाचकाला आधीच ठाऊक आहे आणि तो फक्त ऱ्हस्वदीर्घ तपासणार आहे, हे मुलाला पक्के माहीत असे. आता परिस्थिती बदलली आहे. वर्गात सकाळी लिहिलेला परिच्छेद दुपारी मोबाईलच्या पडद्यावर शेकडो लोकांपुढे ठेवता येतो. अध्यापनाचे शिक्षण घेणाऱ्या आम्हां छात्राध्यापकांच्या चर्चेत हा विषय वारंवार निघतो. मोठा वाचकवर्ग मिळाला की मुले आपोआप चांगले लिहू लागतील, असा एक विश्वास त्या चर्चेत बहुधा गृहीत धरलेला असतो.

हा विश्वास कितपत खरा आहे हे पाहताना आम्हांला एका जुन्या पुस्तकाचा आधार घ्यावासा वाटतो. ‘लेत्तेरा आ उना प्रोफेसोरेस्सा’, म्हणजे ‘एका शिक्षिकेस पत्र’, हे ते पुस्तक. इटलीतील बार्बियाना या डोंगरवस्तीच्या शाळेतील आठ मुलांनी ते मिळून लिहिले आणि मे १९६७ मध्ये ते फ्लॉरेन्स येथे प्रसिद्ध झाले. १९७० मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. शिक्षणसुधारणेचा जाहीरनामा म्हणून त्याची पुष्कळ चर्चा झाली आहे. लेखनकृती म्हणून मात्र त्याच्याकडे कमी पाहिले जाते. ते तसे पाहावे असे वाटण्यास दोन कारणे आहेत. एक, ही शाळा एका कॅथलिक धर्मगुरूंनी आपल्या चर्चच्या घरात चालवली होती. दोन, या पत्रात ‘मी’ म्हणून बोलणारा मुलगा स्वतः शिक्षक होऊ पाहत होता. तो शिक्षक-प्रशिक्षणाच्या विद्यालयात गेला आणि पहिल्याच वर्षी नापास झाला. ज्या बाईंनी त्याला नापास केले, त्यांना हे पत्र आहे.

त्या धर्मगुरूंचे नाव फादर लोरेन्झो मिलानी. जन्म १९२३ मध्ये, फ्लॉरेन्समधील एका सधन व सुविद्य कुटुंबात. आई ज्यू वंशाची. घरात धर्माचरण जवळजवळ नव्हतेच. तरुणपणी त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले. १९४३ मध्ये त्यांना श्रद्धेची ओढ लागली, त्याच वर्षी ते सेमिनरीत दाखल झाले आणि १९४७ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. फ्लॉरेन्सजवळच्या कालेन्झानो येथे साहाय्यक धर्मगुरू असताना त्यांनी तरुण कामगारांसाठी रात्रीची शाळा काढली. तिथल्या त्यांच्या स्पष्टवक्तेपणामुळे वाद माजले आणि डिसेंबर १९५४ मध्ये त्यांची नेमणूक बार्बियानाला झाली. मुजेल्लो खोऱ्यातील डोंगरावरची ही वस्ती म्हणजे चर्च, दफनभूमी आणि दूर दूर विखुरलेली शेतकऱ्यांची घरे. तिथे ना धड रस्ता, ना वीज. नेमणूक कसली, ती हद्दपारीच होती. फादर मिलानींनी तिथेच शाळा मांडली. दिवसाचे बारा तास आणि वर्षाचे सगळे दिवस ती चाले. १९५८ साली त्यांचे ‘एस्पेरिएन्झे पास्तोराली’ हे धर्मसेवेच्या अनुभवांवरचे पुस्तक बाहेर आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस व्हॅटिकनच्या आदेशाने ते विक्रीतून काढून घेण्यात आले. ‘एका शिक्षिकेस पत्र’ प्रसिद्ध झाल्यावर काही आठवड्यांतच, २६ जून १९६७ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पुढे अर्ध्या शतकाने, २० जून २०१७ रोजी, पोप फ्रान्सिस बार्बियानाला गेले आणि त्यांच्या कबरीपाशी प्रार्थनेस उभे राहिले.

मुलांच्या लेखनाला वर्गाबाहेरचा वाचक मिळवून देण्याची कल्पना मुळात फादर मिलानींची नव्हती. तिचा मान सेलेस्तें फ्रेने या फ्रेंच शिक्षकाकडे जातो. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झाल्याने फ्रेने यांना वर्गात फार वेळ बोलता येत नसे. १९२४ मध्ये दक्षिण फ्रान्समधील बार-स्युर-लू येथील आपल्या शाळेत त्यांनी एक छोटे मुद्रणयंत्र आणले. मुलांनी आपल्या मनाचे लिहावे, आपल्या हातांनी खिळे जुळवावेत आणि छापलेली पाने घरी व परगावी पाठवावीत, असा क्रम सुरू झाला. १९२६ पासून देशाच्या दुसऱ्या टोकाच्या, ब्रिटनी प्रांतातील एका शाळेशी त्यांच्या वर्गाचा नियमित पत्रव्यवहार चालू लागला. ऑलिव्हच्या बागांत वाढलेली मुले मासेमाऱ्यांच्या मुलांना आपले गाव सांगू लागली. सांगायला कारण मिळाले, म्हणून लिहिणे आले. १९५१ मध्ये इटलीतही या विचाराच्या शिक्षकांची संघटना उभी राहिली. मारिओ लोदी हे तिच्यातले एक. १९६३ च्या उन्हाळ्यात ते बार्बियानाला आले आणि दोन्ही शाळांनी एकमेकींना पत्रे लिहावीत असे ठरले. त्या शरदात बार्बियानाच्या मुलांनी लोदींच्या विद्यार्थ्यांना पाठवलेले उत्तर सर्वांनी मिळून, दिवसचे दिवस खपून तयार केले होते. सोबतच्या पत्रात फादर मिलानींनी ही पद्धत समजावून सांगितली आणि इतक्या वर्षांत मुलांबरोबर लेखनकलेचा एवढा खोल अभ्यास करण्याची संधी प्रथमच मिळाल्याचे कळवले. चार वर्षांनी आलेल्या पुस्तकाचे बीज त्या पत्रव्यवहारात पडले.

ही पद्धत पुस्तकातच वर्णन केली आहे. प्रत्येकाने खिशात टिपणवही बाळगायची. मनात विचार आला की टिपायचा. एका कागदावर एकच विचार आणि तोही एकाच बाजूला. मग एक दिवस सगळे कागद मोठ्या टेबलावर पसरायचे. दोनदा आलेले विचार काढून टाकायचे. एकमेकांशी नाते सांगणाऱ्या कागदांचे ढीग करायचे. ती झाली प्रकरणे. प्रत्येक ढिगाचे लहान ढीग. ते झाले परिच्छेद. एखाद्या परिच्छेदाला नाव देता आले नाही, तर त्यात सांगण्यासारखे काही नाही किंवा फार काही कोंबले आहे असे समजायचे. क्रम लागला की कच्चा मजकूर सर्वांपुढे ठेवायचा आणि कात्री चालवायची. अनावश्यक शब्द, बोलताना आपण वापरत नाही असे शब्द, दोन विचार एकत्र बांधणारी लांबलचक वाक्ये, हे सगळे कापायचे. घाई करायची नाही. शेवटी बाहेरच्या माणसांना एकेक करून बोलवायचे, तीही शक्यतो फार न शिकलेली, आणि त्यांना तो मजकूर मोठ्याने वाचायला सांगायचे. आपल्याला म्हणायचे होते तेच त्यांना समजले का, ते पाहायचे. स्पष्टतेसाठी केलेली सूचना स्वीकारायची. सावधपणासाठी केलेली नाकारायची.

या शेवटच्या पायरीपाशी थोडे थांबायला हवे. आमच्या मते या पुस्तकाचे सारे सामर्थ्य तिथून आले आहे. मजकूर सोपा करण्याच्या कामी काही पालकांनी मदत केली, अशी नोंद मुलांनी पुस्तकाच्या आरंभीच केली आहे. म्हणजे ज्यांना शाळेने अर्ध्यावर सोडले होते, तीच माणसे येथे परीक्षक झाली. निबंधाच्या वहीचा वाचक मुलापेक्षा अधिक जाणणारा असतो, म्हणून मूल त्याच्यापुढे अवघड शब्दांची आरास मांडते. बार्बियानाच्या मुलांपुढे बसलेल्या वाचकाला आराशीचा उपयोग नव्हता. त्याला समजले तर ठीक, न समजले तर वाक्य पुन्हा लिहायचे. शैलीचा याहून प्रामाणिक गुरू आम्हांला ठाऊक नाही.

आपल्या श्रद्धापरंपरेला ही रीत परकी नाही. संत पौलाची पत्रे विशिष्ट मंडळ्यांना, त्यांच्या विशिष्ट भांडणांविषयी व शंकांविषयी लिहिलेली होती आणि ती जमलेल्या लोकांसमोर मोठ्याने वाचली जात. कलस्सैकरांस पाठवलेले पत्र लावदिकियाच्या मंडळीतही वाचले जावे, अशी सूचना त्या पत्रातच आढळते. ऐकणाऱ्यांत गुलाम होते, मजूर होते, अक्षरओळख नसलेल्या स्त्रिया होत्या. करिंथ शहरातील नेमक्या माणसांना उद्देशून लिहिलेले शब्द आज आपल्या मिस्सामध्ये वाचले जातात आणि आपलेच वाटतात. सर्वांसाठी म्हणून लिहिलेला मजकूर बहुधा कुणाच्याच दारी पोहोचत नाही. एकाच्या दारी नेऊन दिलेले पत्र मात्र पुढे शेकडो घरे फिरते. बार्बियानाच्या पत्राचेही तसेच झाले. ते एका बाईंच्या नावे आहे, पण आपण हे शिक्षकांसाठी लिहिले नसून पालकांसाठी लिहिले आहे आणि पालकांनी संघटित व्हावे हा त्याचा हेतू आहे, असे मुलांनी सुरुवातीलाच सांगितले आहे. वाचक कोण हे इतके स्पष्ट ठाऊक असलेली पुस्तके मोठ्या लेखकांचीही थोडीच असतात.

आता प्रत्यक्ष लेखनाकडे वळू. वाक्ये आखूड आहेत, कुठे कुठे चाबकासारखी. पत्राचा आरंभच एका विषमतेने होतो: बाईंना या मुलाचे नाव आठवत नाही, मुलाला मात्र बाई विसरता येत नाहीत. पुढे दोन मुलांची नावे पुन्हा पुन्हा येतात. पिएरिनो हा डॉक्टरांचा मुलगा. शाळेत येण्याआधीच त्याला लिहिता-वाचता येते. जान्नी गरिबाचा, घरी पुस्तक नाही, बोली वेगळी. दोघांना एकच प्रश्नपत्रिका देऊन एकाच मापाने मोजणे हा न्याय नव्हे, हा पत्राचा मुख्य दावा. निरोग्यांना ठेवून घेणारे आणि आजाऱ्यांना घालवून देणारे रुग्णालय ही त्यातली उपमा जगभर गाजली. तरी मुले केवळ उपमांवर विसंबलेली नाहीत. शाळांतील नोंदी आणि सरकारी सांख्यिकी यांतून त्यांनी आकडे गोळा केले, कोष्टके मांडली आणि नापास होऊन शाळा सोडणारी मुले कोणाच्या घरची आहेत हे दाखवून दिले. इटलीत १९६२ च्या कायद्याने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांसाठी एकच माध्यमिक शाळा आली होती. कायद्याने दिलेले परीक्षेने कसे काढून घेतले, ते या कोष्टकांतून दिसते. इटलीच्या भौतिकशास्त्र परिषदेने या सांख्यिकी भागाला पारितोषिक दिले. रागाला आकड्यांचा लगाम लागला की लेखन किती बळकट होते, त्याचा हा नमुना आहे.

या मागणीचे पडसाद आपल्याकडेही आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणाला नापास करू नये असे ठरवले. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीच्या परीक्षेची मुभा दिली आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने ती स्वीकारली. तेव्हा जान्नीचा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही.

गुण सांगितले, आता उणिवा. पहिली उणीव अशी की, ज्या बाईंना पत्र लिहिले त्यांना पत्रात बोलायला जागा नाही. त्या एक व्यक्ती म्हणून सुरू होतात आणि पाहता पाहता साऱ्या शिक्षकवर्गाचे प्रतीक होऊन बसतात. भरलेल्या वर्गात, ठरलेल्या अभ्यासक्रमाच्या ओझ्याखाली एखादी शिक्षिका काय करू शकते आणि काय नाही, याचा विचार पत्रात फारसा नाही. रागाला न्याय्य कारण असले, तरी साहित्यात प्रतिपक्षाला चेहरा द्यावा लागतो. दुसरी उणीव आम्हांला अधिक टोचते. गावातील एकही मुलगी त्या शाळेत आली नाही, हे मुलांनीच नोंदवले आहे आणि त्याचा दोष पालकांच्या समजुतीकडे दिला आहे. परंतु एवढ्या न्यायाच्या पुस्तकात त्या मुलींचा आवाज नसावा, ही उणीव एका ओळीच्या नोंदीने भरून निघत नाही. विश्रांती व खेळ यांना जिथे थारा नव्हता, ती शाळा प्रत्येक मुलाला मानवली असती असेही आम्हांला वाटत नाही.

तिसरा प्रश्न ‘आम्ही’ या शब्दाचा. पत्र आठ मुलांचे म्हणून प्रसिद्ध झाले. आपल्या धर्मगुरूंनी लेखनाचे नियम शिकवले व कामाला दिशा दिली, हे मुलांनी मोकळेपणाने मान्य केले. तरीही फादर मिलानींची इतर पत्रे वाचलेल्या वाचकाला येथे त्यांचा सूर ओळखीचा वाटतो. मग हे लेखन मुलांचे की गुरूंचे? आमच्या मते काटेकोर वाटणी करता येणार नाही आणि तसा हट्टही धरू नये. भजनात सूर कुणी लावला आणि कुणी उचलला, याचा हिशेब कोण ठेवतो? पण शिक्षक होऊ पाहणाऱ्यांनी यातून एक सावधगिरी शिकावी. मुलांच्या सामुदायिक लेखनात सर्वांत मोठा आवाज शिक्षकाचाच होण्याचा धोका असतो. मुले हुशार असतात. शिक्षकाला काय आवडेल ते ओळखतात आणि तेच ‘आमचे मत’ म्हणून लिहून देतात. आपल्या शाळांतील हस्तलिखिते व भित्तिपत्रके चाळली, तर या गोष्टीचा प्रत्यय सहज येतो. पावसाळ्यावरच्या पंधरा कवितांतून एकाच छत्रीचे पाणी गळत असते.

वाचकवर्ग जेवढा मोठा, तेवढी जोखीम मोठी, हेही विसरून चालणार नाही. फ्रेने यांना याचा कटू अनुभव आला. ते १९२८ पासून सें-पोल येथे शिकवत होते. तिथल्या एका मुलाने स्वप्नाची हकिगत लिहिली. त्या स्वप्नात मुले बंड करतात आणि गावच्या महापौरांचा खून होतो. वर्गाच्या छापखान्यावर तो मजकूर छापला गेला. १९३२ च्या अखेरीस विरोधकांनी तो भिंतींवर फलकांतून झळकवला, वृत्तपत्रांतून मोहीम उघडली, आणि त्या वादळात फ्रेने यांना ती शाळा सोडावी लागली. १९३५ मध्ये त्यांनी वान्स येथे स्वतःची शाळा काढली. एका पोराच्या स्वप्नाचे मोठ्यांनी काय केले ते पाहा! छापलेला कागद निदान फाटतो, जीर्ण होतो. पडद्यावर गेलेला मजकूर मुलाच्या नावानिशी, छायाचित्रानिशी वर्षानुवर्षे उरतो, आणि तो कुणाच्या हाती पडेल हे शिक्षकालाही ठाऊक नसते. बारा वर्षांच्या मुलाने रागात लिहिलेले वाक्य त्याने विसाव्या वर्षी आपले म्हणून का वागवावे?

या सर्वांवरून आमचे मत असे बनले आहे की, वर्गातील लेखनाला वाचक हवा, पण तो संख्येने मोजायचा नाही. शंभर अनोळखी लोकांनी अंगठा वर करून दिलेली पसंती मुलाला काहीही शिकवत नाही. समजले नाही, पुन्हा सांग, असे म्हणणारा एक श्रोता पुष्कळ शिकवतो. मूल कोणाला लिहीत आहे, का लिहीत आहे, आणि त्या माणसाचे उत्तर येण्याची शक्यता आहे का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. उत्तरे मिळाली, तर लेखन वहीत राहिले काय, भिंतीवर लागले काय किंवा पडद्यावर गेले काय, साधनाचा प्रश्न दुय्यम ठरतो. उत्तरे नसतील, तर साधन कितीही नवे असो, तो जुना निबंधच होय; फक्त लाल शाईच्या जागी आता टाळ्या आल्या आहेत.

भाषेचा प्रश्नही यात गुंतलेला आहे. भाषा गरीब माणसे घडवतात आणि ताजी ठेवतात, इतर लोक तिचे नियम गोठवून त्याच गरिबांना हसतात, असे बार्बियानाच्या मुलांचे म्हणणे होते. वसईच्या आपल्या धर्मग्रामांत घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलणारे मूल शाळेत प्रमाण मराठी लिहायला बसते, तेव्हा त्याच्या पेनाची गती का मंदावते, हे येथील पालकांना समजावून सांगण्याची गरज नाही. त्याला प्रमाण भाषा यायलाच हवी; बार्बियानाचा आग्रहही भाषेवर प्रभुत्व मिळवण्याचाच होता. परंतु घरी आजी ज्या शब्दांत विहिरीची, वाडीची, भाताच्या रोपांची गोष्ट सांगते, ते शब्द वहीत येऊ द्यायचे की नाहीत, हे शेवटी आपणच ठरवणार आहोत.

म्हणून या पत्राचा खरा वाचक असलेल्या पालकांशी दोन शब्द बोलावेसे वाटतात. मुलाने शाळेसाठी काही लिहिले, तर त्याला किती गुण मिळाले हे विचारण्याआधी ते घरात मोठ्याने वाचायला सांगा. रोझरीनंतर घर एकत्र असतेच, तेव्हाची पाच मिनिटे पुरतील. घरात जे कुणी सर्वांत कमी शिकलेले असेल, त्याला समोर बसवा. त्याला समजले नाही तर त्याने निःसंकोच तसे सांगावे आणि मुलाने ते वाक्य बदलावे. परदेशी नोकरीस गेलेल्या मामाला, आजारी शेजाऱ्याला, बदली होऊन गेलेल्या धर्मगुरूंना मुलाने खरोखरीचे पत्र लिहावे आणि उत्तराची वाट पाहावी. गावातल्या तळ्यात कचरा पडतो, बस वेळेवर येत नाही, अशा तक्रारीही नेमक्या अधिकाऱ्याच्या नावे, नेमक्या तारखांसह लिहिता येतात. तिथे आकडे गोळा करण्याची सवय लागते. शिक्षकांनी आणि आम्हां होऊ घातलेल्या शिक्षकांनी वर्गात याला वेळ द्यावा, अभ्यासक्रम संपवण्याची घाई थोडी आवरावी. बार्बियानाच्या मुलांना एका पुस्तकासाठी जवळजवळ अख्खे शालेय वर्ष लागले होते. आपल्या मुलांना एका पत्रासाठी निदान एक आठवडा मिळावा.